ती घात आणि तो घात

आमच्या मराठवाड्यात एक शब्द दोन लिंगांत वापरतात आणि लिंग बदललं की अर्थ उलटा होतो. ती घात आणि तो घात. ‘घात आली’ म्हणजे रान पेरायला आलं. पाऊस पडून गेला, वरचं पाणी मुरलं, मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि सोडली तर फुटते, बोटाला चिकटत नाही. आणि ‘घात झाला’ म्हणजे सगळं गेलं. शाळेत मास्तरांनी लिंगविचार शिकवला, पण हा फरक मला आज्जीनं सांगितला, तोही परसातल्या वांग्याच्या वाफ्यात बसून. “साधली तर ती, चुकली तर तो,” एवढंच ती म्हणाली आणि खुरपं चालवत राहिली.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, बालाघाटाच्या रांगेवर. निम्मी सोयरीक नांदेडकडं, लोहा-कंधारला, निम्मी लातूर-उदगीरला. माझ्या लहानपणी लातूर जिल्हा नव्हताच, आम्ही उस्मानाबादचे. जिल्हा 1982 साली झाला. पण जिल्हा कोणताही असो, माती तीच. काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पायातली वहाण ओढून घेते. फार ओली झाली तर पाय टाकता येत नाही, फार वाळली तर कुदळ लागते. या दोहोंच्या मधले जे चार-सहा दिवस असतात, ती घात. लातुरात वर्षाला सरासरी साडेसातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, नांदेडला त्याहून थोडा जास्त. पण सरासरी कागदावर पडते. रानात एकदा चार दिवसांत धो-धो पडतो, मग तीन आठवडे आभाळ कोरडं. म्हणून आमच्याकडं कुणी ‘पाऊस किती झाला’ एवढंच विचारून थांबत नाही; ‘घात आली का’ हे विचारतो.

आमच्या वाड्यामागं दीड-दोन गुंठ्यांचं परस होतं. न्हाणीचं पाणी त्यातूनच वाहत जायचं. त्या वाटेवर अळू आणि दोन केळी. बाकी सगळं आज्जीच्या हिशोबानं. आणि तिचा हिशोब पाडव्यापासून पुढं जायचा नाही, तो येळवशीपासून मागं यायचा.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडं आणि नांदेडच्या काही भागात हा सण दिवाळीहून मोठा. त्या दिवशी घरात कुणी राहत नाही, सगळे रानात. आजही लातूर शहरातले रस्ते त्या दुपारी संचारबंदी लागल्यासारखे ओस असतात. शेतात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे, आणि जेवायला भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तेलात तळलेली भजी नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, वांगी, गाजर, मेथी, पातीचा कांदा, जे जे त्या दिवसांत रानात आणि परसात आहे ते सगळं चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात एकत्र शिजवायचं. ज्याच्या परसात जेवढं, तेवढी भज्जी दाट. आणि वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. न बसवणं हा अपराध.

तर आज्जी तिथून मागं मोजायची. मेथीला महिना-सव्वा महिना लागतो, म्हणून ती स्वातीत. गाजराला तीन महिने, म्हणून हस्त सोडायचा नाही. वांगी-मिरचीचं रोप पुष्य-आश्लेषात लावायचं तर बी मृगात टाकायला हवं. दोडकं, कारलं, दुधी, गवार, भेंडी ही सगळी मृगाची लेकरं; त्यांची आळी रोहिणीतच खणून, शेणखत आणि राख भरून तयार. इंग्रजी तारखा तिला ठाऊक नव्हत्या. मी पुढं ताडून पाहिलं: रोहिणी 25 मेच्या आसपास, मृग 7-8 जूनला, हस्त सप्टेंबरच्या शेवटी, स्वाती ऑक्टोबरच्या 23-24 तारखेला. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. एखादा वाफा दोन दिवस मागं-पुढं झाला तर चालतो, नक्षत्र उलटलं तर नाही.

वालाचं तेवढं वेगळं. गावरान वाल जूनमध्ये लावा नाहीतर जुलैमध्ये, तो पसरत राहतो आणि दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाही. त्याला पावसाची तारीख कळत नाही, उजेडाची कळते. आज्जी म्हणायची, “वालाला घाई करून उपेग न्हाई, तो सूर्याचा चाकर हाय.” शेतीशास्त्राच्या पुस्तकात हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सापडली तेव्हा मला पुस्तकाचं कौतुक वाटलं.

आता मुद्द्याची गोष्ट. आज्जी कोणतंही बी सगळं टाकायची नाही. तीन वाटे करायची. पहिला वाटा मृगाच्या पहिल्या घातीला. दुसरा आर्द्रा संपताना. पहिल्या पावसानं फसवलं तर हा तारतो. तिसरा वाटा राखेत घोळून गाडग्यात, गाडग्याचं तोंड शेणानं लिंपून, शिंक्यावर. तो त्या साली पेरायचाच नाही.

माझी चुलती नवी नवी आली तेव्हा तिनं विचारलं होतं, “आत्याबाई, तिसरा वाटा कशाला? जागा तर हाय.”

“तो आपला न्हाई. ज्याचं उगवणार न्हाई, त्याचा हाय.”

चुलतीला ते पटलं नाही. पेरायच्या आधीच कुणाचं तरी उगवणार नाही असं धरून चालणं तिला अपशकुनासारखं वाटलं. आणि तिचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. आपण देवाला नारळ फोडून बी टाकतो, आणि त्याच हातानं शेजाऱ्याच्या नुकसानीची तजवीज करून ठेवतो, हे विचित्रच. पण आज्जीला शकुनाशी देणंघेणं नव्हतं. गल्लीत दहा घरं. दर साली एका-दोघांचं परस बसतंच; कुणाचं मुंग्यांनी बी खाल्लं, कुणाच्या आळ्यात पाणी तुंबून कुजलं, कुणाच्या घरात नेमकं मृगात मर्तिक झालं आणि घात निघून गेली. कोणाचं बसेल हे सांगता येत नाही. कुणाचं तरी बसेल हे सांगता येतं. जे सांगता येतं त्याची सोय न करता जे सांगता येत नाही त्याच्यामागं पंचांग घेऊन धावणं, याला ती शहाणपण मानत नव्हती. कुणी मागायला आलं नाही तर तिसरा वाटा पुढच्या साली पहिला व्हायचा, म्हणजे बी जुनं होऊन मरायचंही नाही.

मला बरेच दिवस वाटायचं की ही आज्जीची दया. आता वाटतं की हा हिशोब होता, आणि मग लगेच प्रश्न पडतो: निव्वळ हिशोब असेल तर परत न देणाऱ्याला का द्यायचं? आमच्या गल्लीत एक घर असं होतं की तिथं घात दर साली चुकायची आणि ती नुसत्या आळसानं चुकायची. घरधनी पारावर पत्ते कुटत बसायचा. त्याची बायको आर्द्रा उलटली की पदराखाली वाटी घेऊन यायची. एकदा चुलता चिडून म्हणाला, “त्याला पत्त्यातून सवड न्हाई अन् आपण बी द्यायचं?” आज्जी म्हणाली, “दोडका नवऱ्याचं नाव इचारून वर चढत न्हाई.” आणि वाटीत बी ओतलं. ज्याचा हिशोब फक्त परतफेडीपुरता असतो तो इथं थांबला असता. तिचा थांबला नाही. त्या घरातली तीन लेकरं तिच्या हिशोबात होती, त्यांच्या बापाची लायकी नव्हती.

माझा एक भाचा शिकागोच्या बाहेर राहतो. घरामागं जागा आहे, तिथं मेथी आणि भेंडी लावतो. त्याचा मार्चमध्ये फोन येतो, बोलणं शेवटी बागेवर येतं. “मामा, इकडं सगळं शेवटच्या दहिवरावर,” तो सांगतो. तिकडं रात्री दहिवर गोठून कोवळी रोपं जळतात, म्हणून वसंतातलं शेवटचं गोठणारं दहिवर कधी पडतं ती तारीख धरतात, आणि तिथून सहा-आठ आठवडे मागं मोजून खिडकीत रोपं करतात. आज्जी येळवशीपासून मागं मोजायची, तो दहिवरापासून. मला गंमत वाटली. मग त्यानं एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली. ती छापील तारीख पक्की नसते. तक्त्यात लिहिलेलं असतं की या तारखेनंतर दहिवर पडण्याची शक्यता शंभरात पन्नास, त्यापुढच्या अमुक तारखेनंतर शंभरात दहा. म्हणजे पहिली तारीख धरली तर दर दोन वर्षांत एकदा फसगत ठरलेली. “मग फसल्यावर काय करता?” मी विचारलं. “चादर टाकतो रात्री. नाहीतर दुकानातून नवी रोपं आणतो.”

आमच्याकडं दहिवरानं बाग जळणं क्वचितच. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो, एखाद्या रात्री पाच-सहापर्यंत. टोमॅटोची फुलं गळतात, वेल आखडतात, लोक बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि संध्याकाळी पाणी सोडतात. पण त्यानं कुणी उठत नाही. आमची खरी तारीख दुसरी. तिकडं एका तारखेची वाट बघतात की तिच्यानंतर लावता येईल. इथं एक तारीख अशी येते की तिच्यानंतर पाणी घालता येणार नाही. आडाचा तळ दिसतो तो दिवस. आणि तो तळ चादर टाकून झाकता येत नाही.

आज्जी स्वाती लागली की आडात दोर सोडायची. दोराला हाताहातावर गाठी. किती गाठी ओल्या झाल्या त्यावर उन्हाळ्यापर्यंत किती वाफे जगतील ते ठरायचं. इतर साली दहा-बारा हात पाणी असायचं. 1972 साली पाच हात निघालं. मी तेव्हा बारा वर्षांचा. दोर वर ओढायला मीच होतो. जुनी माणसं म्हणतात की बहात्तरला धान्य नव्हतं पण पाणी होतं, आता धान्य आहे आणि पाणी नाही. पुष्कळ ठिकाणी ते खरंही आहे. आमच्या गल्लीत मात्र दोन्ही पातळ होतं. तीन घरांचे आड आश्विनातच गढूळ झाले होते.

चुलत्याचं म्हणणं सरळ होतं. पाच हात पाण्यावर चार वाफे जगतील. दुष्काळी कामावर, खडी फोडायला आणि तलावाच्या मातीकामाला, पाच-सहा गावचे लोक आलेत. तिथं वांग्याला म्हणाल तो भाव मिळेल. त्या पैशातून ज्वारी घेता येईल. रेशनवर लाल मिलो मिळत होता, अमेरिकेतून आलेला. त्याची भाकरी आम्हा लेकरांच्या घशाखाली उतरायची नाही. “आड आपला, दोर आपला, राबणारे हात आपले,” चुलता म्हणाला. “यात चोरी कसली?”

आज्जी म्हणाली, “आड आपल्या वाड्यात हाय. पाणी आपल्या वाड्यात न्हाई.”

तिनं एकच वाफा केला, मेथी आणि शेपूचा, तोही भांडी धुतलेल्या पाण्यावर. गल्लीत दोघी बाळंतीण व्हायच्या होत्या आणि त्यांना शेपू लागणार होता. बाकी परस मोकळं. आडावर ज्या घरांचे आड गेले त्यांच्या घागरी लागायला लागल्या. आम्ही मिलोची भाकरी खाल्ली.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगतो आणि ऐकणारा मान डोलावतो. पण मला ती इतकी सोपी वाटत नाही. आज्जीनं जे सोडलं ते एकटीचं नव्हतं. चुलत्याचा चार पैशांचा आधार होता, आमचा घास होता. घरच्यांच्या ताटातलं काढून शेजाऱ्याच्या घागरीत घालायचा हक्क तिला कुणी दिला? आणि आड राहिला असंही नाही. अक्षय तृतीया झाली आणि तो आटलाच. मग सगळी गल्ली ओढ्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायला लागली. चुलता म्हणाला, “बघ आये, कुठं गेलं तुझं पाणी?” ती म्हणाली, “लोकांच्या पोटात गेलं. अजून कुठं जाईल?” चुलत्याचा मुद्दा त्यानं संपला नाही आणि आज्जीचाही. मला आता एवढंच कळतं की चुलत्यानं आड मोजला आणि आज्जीनं आडाखालची जमीन मोजली. तीन शेजारचे आड आटलेत आणि आपल्यात पाच हात आहे, म्हणजे झरा एकच आहे आणि तो खाली चाललाय. त्यातून चार वाफे काढायचे तर दुसऱ्याच्या घागरीतूनच काढायचे. ते दिसत नाही म्हणून चोरी वाटत नाही, एवढंच.

पुढं मी नोकरीच्या निमित्तानं लातुरात आलो, घर बांधलं, मागं दोन आळ्यांपुरती जागा ठेवली. तिथं दुधी आणि दोडका. मग 2016 उजाडलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून 144 कलम लावलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर बघायला गर्दी. शेवटी एका शहराची तहान रेल्वेच्या वेळापत्रकावर आली.

त्या साली फेब्रुवारीतच आमची मंडळी म्हणाली, “औंदा आळं नको.” मी म्हटलं, भांड्यांचं पाणी आहे की. ती म्हणाली, “ते संडासाला लागणार हाय.” तिनं आज्जीला कधी पाहिलं नव्हतं, पण तिनंही दोर सोडून पाहिला होता म्हणायचं. न पेरणं हाही आखणीचाच भाग असतो, हे बागेच्या वेळापत्रकात कुणी लिहीत नाही. आमच्या कॉलनीत एका घरी त्या एप्रिलमध्येही अंगणात हिरवळ होती. बोअर त्यांचं, विजेचं बिल त्यांचं, कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही. रस्त्यापलीकडच्या घरात टँकरची वाट बघत घागरी रांगेत. जाताना माझी नजर त्या हिरवळीवर जायची आणि चुलत्याचा प्रश्न आठवायचा: यात चोरी कसली?

हल्ली नक्षत्रांवरचा विश्वास उडालाय असं सगळे म्हणतात. मृग कोरडा जातो, परतीचा पाऊस सोयाबीन काढणीला गाठतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर गारांनी मराठवाडा झोडपला. ज्या महिन्यात आभाळाकडं बघायची गरज नसते, त्या महिन्यात. हवामान खात्यानंही 2020 साली पावसाच्या येण्या-जाण्याच्या तारखा नव्यानं मांडल्या. केरळची 1 जून तीच राहिली, पण वायव्येकडून पाऊस परतायला लागण्याची तारीख 1 सप्टेंबरवरून 17 सप्टेंबरवर गेली. तारखा बदलाव्यात, त्यात वाईट काही नाही. आज्जीनंही बदलल्या असत्या. तिनं नक्षत्रावर विश्वास ठेवला तो पाऊस सांगणारा म्हणून नव्हे. सगळ्या गल्लीनं एका वेळी आळी खणावीत, एका वेळी बी काढावं, कुणाचं राहिलं ते एका नजरेत दिसावं, म्हणून. आता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर ज्याचा त्याचा पाऊस. अंदाज पूर्वीपेक्षा बरा, पण शेजाऱ्याचं काय झालं ते त्यात येत नाही.

दुसरं एक गेलं ते तिसरा वाटा. दुकानातलं संकरित बी पहिल्या साली भरभरून देतं, पण त्याच्या फळातलं बी धरलं तर पुढच्या साली वेल आईसारखा निघत नाही. म्हणून दर साली नवं पाकीट. त्यात फसवणूक नाही, उत्पन्न खरंच जास्त येतं आणि शेतकऱ्यानं ते का सोडावं? पण पाकिटातल्या वीस बियांचे तीन वाटे कुणी करत नाही. पैसे मोजून आणलेलं बी शिंक्यावर ठेवायला हात धजत नाही. मग ज्याचं उगवलं नाही तो पुन्हा दुकानात जातो. पैसे असले तर. शिकागोतला भाचाही जातोच की. फरक एवढाच की त्याच्याकडं असतात.

मी सरळ वाणाचं बी धरतो. दोडक्याचं आणि गावरान वालाचं. वांग्याचं बी चुलतीनं धरलेलं. ती आता ऐंशीच्या पुढं आहे आणि ज्या तिसऱ्या वाट्याला अपशकुन म्हणाली होती तो गेली चाळीस वर्षं तीच राखते. गेल्या दिवाळीत तिला विचारलं, अजून ठेवतेस का? ती म्हणाली, “ठेवायला काय लागतं? राख घरचीच हाय.” मग थोड्या वेळानं, “मागायला मात्र कुणी येत न्हाई रे आता. ज्याचं उगवत न्हाई तो सांगतच न्हाई.”

हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण अडचण बियाण्याची राहिलेली नाही. शेजाऱ्याचं बसलं हे आपल्याला कळायला तरी हवं, आणि बसलं हे सांगायची त्याला लाज वाटायला नको. आडात दोर सोडून पाणी मोजता येतं. हे मोजायला त्याच्या परसात जावं लागतं. म्हणून आर्द्रा संपत आली की मी एक चक्कर मारतो, गल्लीतल्या चार घरांच्या मागं. आळं रिकामं दिसलं तर विचारत नाही का राहिलं. पुडी देतो आणि म्हणतो, पुनर्वसू अजून आहे, घात गेली नाही.